तीन बॅटी, अकरा जणी



२ नोव्हेंबर २०२५ ची रात्र आपल्यापैकी अनेकांनी जागून काढली असेल. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. मध्यरात्री माझ्या आपाचा, म्हणजे थोरल्या बहिणीचा, फोन आला. आपा आता चौसष्ट वर्षांची आहे. आवाज भरून आला होता. म्हणाली, "एवढ्या मुली होत्या कुठे रे इतके दिवस?"

लहानपणी आपा आमच्या गल्लीत फळीच्या बॅटने खेळायची. मुलांपेक्षा चांगली खेळायची. बारा-तेरा वर्षांची झाली आणि तिचा खेळ थांबला. तिला कुणी रागावले नाही, कुणी बंदीही घातली नाही. फक्त खेळायला बोलावणे बंद झाले. ते साल होते १९७३. म्हणून आपाच्या प्रश्नाचे उत्तर १९७३ पासूनच द्यायला हवे.

त्या वर्षी लखनौमध्ये महेंद्रकुमार शर्मा नावाच्या गृहस्थांनी 'वूमेन्स क्रिकेट असोसिएशन ऑफ इंडिया' ही संस्था नोंदवली. बेगम हमीदा हबीबुल्ला तिच्या अध्यक्ष झाल्या. पुढे आपल्या कराडच्या प्रेमलाताई चव्हाण यांनीही अध्यक्षपद सांभाळले. आणि या संस्थेची पहिली राष्ट्रीय स्पर्धा कुठे झाली? पुण्यात! एप्रिल १९७३ मध्ये. संघ होते तीनच : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. म्हणजे तीनपैकी दोन संघ आपल्याच राज्यातले. दुसरी स्पर्धा वाराणसीला झाली, तेव्हा आठ संघ आले. तिसरी कलकत्त्याला, तिथे चौदा. तीनाचे चौदा व्हायला फारसा वेळ लागला नाही. मुली होत्याच, त्यांना मैदान हवे होते.

लगेच विभागीय संघांची स्पर्धाही सुरू झाली. १९७४ मध्ये ती पहिल्यांदा कानपूरला झाली आणि तिच्या करंडकाला नाव दिले राणी झाशीचे. १९७६ मध्ये वेस्ट इंडिजचा महिला संघ भारतात आला. बंगलोरला पहिली अधिकृत कसोटी झाली आणि त्याच मालिकेत पाटण्याला शांता रंगास्वामी यांच्या संघाने भारताला महिला कसोटीतला पहिला विजय मिळवून दिला. तो पाहायला पंचवीस हजारांवर लोक जमले होते. पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी आणि मुंबईच्या डायना एडलजी याच मालिकेतून पुढे आल्या. १९७८ मध्ये तर या संघटनेने विश्वचषक स्पर्धाच भारतात भरवली.

हे सगळे चालले होते ते कसे? पैसा नव्हता. खेळाडू रेल्वेच्या साध्या डब्यातून, पुष्कळदा आरक्षणाशिवाय, दोन-दोन दिवसांचा प्रवास करत. मुक्काम शाळेत किंवा वसतिगृहात, झोपणे जमिनीवर. सुनील गावसकर यांच्या भगिनी नूतन गावसकर या संघटनेच्या सचिव होत्या. त्यांनी सांगितलेली आठवण अशी की, कधीकधी संघात बॅटी असत तीन. दोन सलामीच्या फलंदाजांकडे दोन, तिसरी पुढच्या खेळाडूकडे. सलामीची फलंदाज बाद होऊन आली, की तिची बॅट आणि पॅड चौथ्या क्रमांकाची खेळाडू घेई. न्यूझीलंडच्या एका दौऱ्यात हॉटेलला पैसे नव्हते, तेव्हा मुली तिथल्या भारतीय कुटुंबांच्या घरी राहिल्या.

नोकरीचा प्रश्न मोठा होता. खेळून पोट भरत नाही आणि लग्न लांबते, ही घरच्यांची तक्रार. इथे रेल्वे मदतीला आली. डायना एडलजी यांच्या पाठपुराव्यामुळे १९८४ मध्ये रेल्वेचा महिला संघ उभा राहिला. रेल्वेची नोकरी म्हणजे महिन्याचा पगार. त्या पगारामुळे किती घरांतला विरोध मावळला असेल, याचा अंदाज आपण करू शकतो. तरीही मधली वर्षे कोरडी गेली. १९८८ च्या विश्वचषकाला भारताचा संघ गेलाच नाही.

२००५ मध्ये मिताली राज यांच्या नेतृत्वाखाली भारत प्रथमच विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पोचला आणि ऑस्ट्रेलियाकडून हरला. त्या स्पर्धेत प्रत्येक सामन्याचे एक हजार रुपये मिळाले, असे मिताली यांनी नंतर सांगितले. त्याच सुमारास आपल्या जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचा झहीर खान घराघरात पोचला होता. आम्हाला त्याचा अभिमान होता आणि आजही आहे. पण त्या अंतिम सामन्यातल्या अकरा मुलींची नावे विचारली असती, तर मला तीनही सांगता आली नसती.

२००६ मध्ये ही संघटना भारतीय क्रिकेट नियामक मंडळात विलीन झाली. शुभांगी कुलकर्णी तिच्या शेवटच्या सचिव. तेहतीस वर्षांचा संसार दुसऱ्याच्या घरात गेला. त्याचे फायदे झालेच : चांगली मैदाने, प्रशिक्षक, विमानप्रवास. २०२२ मध्ये पुरुषांइतकेच सामन्याचे मानधन जाहीर झाले, २०२३ मध्ये महिलांची प्रीमियर लीग आली. पण हिशेब पूर्ण मांडायला हवा. ऑगस्ट २००६ मध्ये इंग्लंडमध्ये कसोटी खेळलेल्या भारतीय महिला पुढची कसोटी खेळल्या ती २०१४ मध्ये. गरीब संघटनेला जे जमत होते, ते श्रीमंत मंडळाने आठ वर्षे केले नाही. राणी झाशी करंडकही आता उरलेला नाही. घर मोठे मिळाले. पण घरात काय शिजवायचे, हे ठरवणारे हात दुसऱ्यांचे झाले.

हे केवळ आपल्याकडे घडले असे नाही. कॅनडात आइस हॉकीचे वेड आपल्या क्रिकेटसारखे आहे. तिथल्या पश्चिम भागात २००४ मध्ये महिलांची प्रादेशिक लीग सुरू झाली आणि २०११ मध्ये एका मोठ्या लीगमध्ये विलीन झाली. ती मोठी लीगही २०१९ मध्ये पैशाअभावी बंद पडली. तेव्हा दोनशेहून अधिक खेळाडूंनी जाहीर केले, की योग्य मानधन आणि सोयी मिळाल्याशिवाय आम्ही उत्तर अमेरिकेतल्या कुठल्याही लीगमध्ये खेळणार नाही. जानेवारी २०२४ मध्ये नवी व्यावसायिक लीग उभी राहिली. संस्था मोडली तरी खेळाडू एकमेकींना धरून राहिल्या, म्हणून हे झाले.

नवी मुंबईत त्या रात्री आपल्या मुलींनीही असेच काहीतरी केले. करंडक मिळाल्यावर त्यांनी तो मिताली राज, झूलन गोस्वामी आणि अंजुम चोप्रा यांच्या हाती दिला. तिघीही २००५ चा अंतिम सामना खेळलेल्या. मुलींना आपले मूळ ठाऊक होते.

आपल्याला ते ठाऊक आहे का? नगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, पूर्वेला डोंगरावर जी वास्तू आहे, तिला आपण चांदबिबीचा महाल म्हणतो. प्रत्यक्षात ती सलाबतखानाची कबर. चांदबिबी १५९५ मध्ये मोगलांशी लढली ती खाली, भुईकोट किल्ल्यात. बाईची आठवण आपण ठेवतो, पण अशी ढोबळ. १९७३ मध्ये पुण्यात खेळलेल्या मुली आज साठी-सत्तरीत आहेत. कुणाच्या कपाटात धावांच्या वह्या असतील, कुणाकडे संघाचा कोट, कुणाकडे पिवळा पडलेला फोटो. आपल्या ओळखीत अशा कुणी आजी असतील, तर त्यांच्याजवळ बसा, विचारा, लिहून घ्या. हे काम कुठल्याही मंडळाच्या परवानगीवाचून करता येते.

त्या रात्री फोनवर मी आपाला एवढे सारे सांगू शकलो नाही. पुढच्या रविवारी तिच्या घरी गेलो, तेव्हा सांगितले. पहिली स्पर्धा पुण्यात झाली, हे ऐकून ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पुण्याची एसटी तर तेव्हाही होती रे."