जेटपॅक कंपोज

अँड्रॉइड ॲपच्या स्क्रीन कोटलिन भाषेत रचण्यासाठी गूगलने तयार केलेले फ्रेमवर्क. पहिली स्थिर आवृत्ती जुलै 2021 मध्ये आली. त्याआधी स्क्रीनचा आराखडा एक्सएमएल फाइलमध्ये लिहिला जाई आणि डेटा बदलला की मजकूर, बटणे एकेक हुडकून कोडमधून बदलावी लागत. एखादी जागा राहून गेली की डेटा एक सांगे, स्क्रीन दुसरेच दाखवी. कंपोजमध्ये अमुक स्टेट (स्क्रीनमागचा बदलता डेटा) असताना स्क्रीन कशी दिसावी एवढेच फंक्शनमध्ये लिहायचे असते; स्टेट बदलली की संबंधित फंक्शने पुन्हा चालतात. याला रीकंपोझिशन म्हणतात. ॲपलचे स्विफ्टयूआय आणि गूगलचेच फ्लटर याच धर्तीचे.

नवशिके रंग आणि मांडणीत रमतात, पण अडतात ते स्टेटपाशी. बटण दाबले की आकडा वाढावा, हे शिकवण्यांतले नेहमीचे उदाहरण. आकडा साध्या व्हेरिएबलमध्ये ठेवला तर तो वाढतो, पण स्क्रीनवर 0 च राहतो, कारण बदल झाल्याचे कंपोजला कळतच नाही. ‘म्यूटेबलस्टेटऑफ’ वापरल्यास कळते. मात्र सोबत ‘रिमेंबर’ नसेल तर फंक्शन पुन्हा चालताना आकडा परत 0 होतो. दोन्ही जमले, आणि फोन आडवा केला, तरी 0! अँड्रॉइड अशा वेळी सहसा ॲक्टिव्हिटी (ॲपची चालू स्क्रीन) मोडून नव्याने उभी करते. तेथे ‘रिमेंबरसेव्हेबल’ लागते. मोठा डेटा व्ह्यूमॉडेलमध्ये, म्हणजे ॲक्टिव्हिटी नव्याने उभी राहिली तरी टिकणाऱ्या वस्तूत, ठेवावा. साध्या म्यूटेबल लिस्टमध्ये भर घातली तरी कंपोजला पत्ता लागत नाही, त्यासाठी ‘म्यूटेबलस्टेटलिस्टऑफ’ आहे.

रीकंपोझिशन किती वेळा होईल याची हमी नसते. म्हणून सर्व्हरकडून डेटा मागवण्याचे काम थेट कंपोजेबल (स्क्रीन रचणाऱ्या) फंक्शनच्या अंगात लिहू नये, नाहीतर तीच मागणी पुन्हापुन्हा जाते. ते व्ह्यूमॉडेलकडे किंवा ‘लाँच्डइफेक्ट’मध्ये द्यावे. दोन घटकांना एकच स्टेट हवी असल्यास ती दोघांच्या वरच्या फंक्शनमध्ये ठेवून खाली फक्त मूल्य पाठवावे.

मॉडिफायरचा, म्हणजे घटकाचे रूप व जागा ठरवणाऱ्या सूचनांचा, क्रमही महत्त्वाचा: आधी पॅडिंग, मग बॅकग्राउंड दिल्यास कडेची मोकळी जागा रंगत नाही, उलट क्रमाने दिल्यास रंगते. ‘लेझीकॉलम’ या सरकत्या यादीतील ओळींची जागा बदलत असेल तर प्रत्येकीला स्वतंत्र की (ओळख) द्यावी.

डिबग बिल्डमध्ये कंपोज बरेच संथ चालते. वेग तपासायचा तो रिलीज बिल्डवरच.