छत्तीस अधिकाऱ्यांचें कोडें

कागद, पेन्सिल आणि थोडा फावला वेळ एवढ्या सामुग्रीवर जीं कोडीं सुटतात, त्यांस रिकामपणचा उद्योग म्हणून हिणवण्याची आपल्याकडे चाल आहे. अशाच एका कोड्याचा इतिहास आम्ही आज वाचकांपुढें मांडणार आहों. तो वाचून हा ग्रह कितपत टिकतो, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

ऑयलर हा अठराव्या शतकांतील गणितज्ञांचा मुकुटमणि. इ. स. १७७९ मध्यें, दृष्टि जवळजवळ गेलेली असतां, त्यानें सेंट पीटर्सबर्ग येथील विद्वत्परिषदेपुढें एक निबंध सादर केला. त्याचा प्रारंभच एका कोड्यानें होतो. सहा पलटणींतून प्रत्येकीं सहा अधिकारी घेतले. प्रत्येक पलटणीचे सहाहि जण निरनिराळ्या सहा हुद्द्यांचे. या छत्तीस जणांस चौरसांत असें उभें करावयाचें कीं, आडव्या वा उभ्या कोणत्याहि ओळींत एका पलटणीचे दोघे येऊं नयेत व एका हुद्द्याचेहि दोघे येऊं नयेत.

प्रथम नऊ जणांवर प्रयोग करून पाहावा. क, ख, ग या पलटणी आणि १, २, ३ हे हुद्दे. पहिली ओळ क१, ख२, ग३. दुसरी ख३, ग१, क२. तिसरी ग२, क३, ख१. पेन्सिलीनें ताडून पाहिल्यास कोठेंहि दोष आढळणार नाहीं. सोळा व पंचवीस जणांचेंहि असेंच जुळतें. चौघांचें मात्र जुळत नाहीं, आणि कां जुळत नाहीं तें एका वाक्यांत सांगतां येतें. क१ च्या शेजारीं ख२ च उभा करावा लागतो, क१ च्या खालींहि ख२ च हवा, आणि ख२ तर एकच आहे!

चौरसाची बाजू विषम असो किंवा चारानें भाग जाणारी असो, ऑयलरजवळ रचनेच्या रीति होत्या. सहाच्या बाजूचा चौरस मात्र त्यास साधेना. त्यावरून त्यानें तर्क केला कीं, सहाचाच काय, पण दहा, चौदा, अठरा अशा कोणत्याहि बाजूचा चौरस होणें नाहीं. याची पक्की सिद्धता त्याच्यापाशीं नव्हती. परंतु अनुमान करणारा ऑयलर होता! मोठ्या माणसाचा तर्क लोक पाहतां पाहतां सिद्धांत म्हणून वागवूं लागतात, तसेंच येथें झालें.

इ. स. १९०० च्या सुमारास अल्जीरियांत सरकारी नोकरींत असलेल्या गास्तों तारी या फ्रेंच गृहस्थानें सहाच्या सर्व शक्यतांचे वर्ग पाडून त्या एकेक करून हातानें तपासल्या. सहाचें उत्तर खरोखरच नव्हतें. ऑयलर सहाविषयीं खरा ठरल्यामुळें दहाविषयींहि त्याजवरचा विश्वास दृढ झाला. कांहीं पंडितांनीं तर सर्व संख्यांसाठीं सिद्धता प्रसिद्ध केल्या. त्या मागाहून सदोष ठरल्या.

मध्यंतरीं हे चौरस शेतांत उतरले होते. जमिनीचा कस जागोजाग बदलतो. म्हणून प्रत्येक खत प्रत्येक ओळींत व प्रत्येक रांगेंत एकदांच पडेल अशी वाफ्यांची मांडणी करून खतांची तुलना करूं लागले. अशा मांडण्यांचा अभ्यास करणाऱ्यांत कलकत्त्याचे राजचंद्र बोस अग्रेसर होते. त्यांचे शिष्य शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म १९१७ सालीं सागर येथें झाला व शिक्षण नागपुरास झालें. इ. स. १९५९ मध्यें अमेरिकेंत या गुरुशिष्यांनीं बावीसच्या बाजूचा चौरस रचून दाखविला. पाठोपाठ पार्कर या अमेरिकन गणितज्ञानें दहाचा रचला. मग तिघांनीं मिळून सिद्ध केलें कीं, दोन आणि सहा या बाजू सोडल्या तर ऑयलरनें अशक्य ठरविलेली प्रत्येक रचना शक्य आहे! ही वार्ता न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर झळकली. श्रीखंडे पुढें मुंबई विद्यापीठांत गणिताचे विभागप्रमुख झाले व २०२० सालीं, शंभरी ओलांडून, निवर्तले.

वर्तमानपत्रांतील सुडोकू हें याच कुळांतलें कोडें. त्यांतील लहान चौकटींचा नियम काढून टाकला कीं ऑयलरचा साधा चौरस उरतो. तें रचणाऱ्यावर एक जबाबदारी असते: उत्तर एक आणि एकच असलें पाहिजे. त्यासाठीं निदान किती अंक आधीं द्यावे लागतात? सतरा अंकांचीं कोडीं पुष्कळ सांपडलीं होतीं, सोळांचें एकहि नव्हतें. पण एवढ्यावर कोणी निकाल दिला नाहीं. २०१२ सालीं डब्लिन येथील मॅग्वायर व त्यांचे सहकारी यांनीं संगणकानें सर्व शक्यता तपासल्या, तेव्हांच सोळा अंक पुरत नाहींत असें ठरलें.

'आम्हांस सांपडलें नाहीं' आणि 'तें नाहींच' हीं दोन निरनिराळीं विधानें आहेत. आमच्या वर्गांतील विद्यार्थी त्यांची गल्लत करतात, आणि खरें सांगावयाचें तर आम्हीहि करीत आलों आहों. म्हणून घरांतील एखाद्या मुलानें 'हें सुटतच नाहीं' असें म्हणून पेन्सिल खालीं ठेवली, तर त्यास रागें भरूं नये. सुटत नाहीं कीं अजून सुटलें नाहीं, एवढेंच शांतपणें विचारावें. उत्तर देण्यासाठीं त्यास पेन्सिल पुन्हां उचलावी लागेल.