मत वऱ्हाडाचं, पण कायदा कोणाचा?

आजच्या भागात लढाई नाही, किल्ला नाही, तहाची कटकारस्थानंही नाहीत. आज बोलायचंय एका रुक्ष वाटणाऱ्या गोष्टीवर: इंग्रजांच्या काळात विधेयक पास कसं व्हायचं? थांबा, लगेच पुढचा भाग लावू नका. हा विषय आपल्या गावांच्या पार आत शिरलेला आहे.

मी बीबीचा. आज आमचा तालुका लोणार, जिल्हा बुलडाणा. शंभर वर्षांपूर्वी लोणारकडचा हा भाग मेहकर तालुक्यात होता आणि अख्खा बुलडाणा जिल्हा वऱ्हाडात. आता साधा प्रश्न. तेव्हा वऱ्हाड कोणाचं होतं? इंग्रजांचं? कारभार त्यांचा होता, हे खरं. पण कागदावर मालक होता हैदराबादचा निजाम.

झालं असं की, कंपनीच्या फौजेचा खर्च निजामाकडे थकला आणि १८५३ च्या तहात वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेलं. मालकी निजामाची, वसुली इंग्रजांची. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झननं यावर कायमचा पट्टा करून घेतला. वर्षाला २५ लाख रुपये निजामाला द्यायचे आणि वऱ्हाड आपल्याकडे ठेवायचं. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला, म्हणजे नागपूरच्या कारभाराला जोडलं गेलं.

आता गंमत बघा. कायद्याच्या भाषेत वऱ्हाड ‘ब्रिटिश इंडिया’ नव्हतंच, तो परका मुलूख होता. मग तिथं कायदे कोण करणार? गव्हर्नर जनरल आणि त्याचं मंडळ. पण कायदेमंडळात चर्चा करून नव्हे, तर सरकारी हुकुमानं, अधिसूचना काढून.

याचा पुरावा जुन्या कायद्यांच्या नावातच आहे. ब्रिटिश मुलखात कायदेमंडळानं केला की त्याला ‘अ‍ॅक्ट’ म्हणत. वऱ्हाडचे बघा: बेरार रूरल बोर्ड्स लॉ, १८८५. बेरार म्युनिसिपल लॉ, १८८६. बेरार पटेल्स अँड पटवारीज लॉ, १९००. सगळीकडे ‘लॉ’. गावचा पाटील कोण, पटवारी कोण, त्याचं काम काय, हे ठरवणाऱ्या कायद्यावर वऱ्हाडातल्या एकाही माणसानं मत दिलेलं नव्हतं.

मग आला १९१९ चा सुधारणा कायदा. नागपूरच्या कौन्सिलात बहुसंख्य सदस्य निवडून येऊ लागले. तिथली विधेयकाची वाट साधारण अशी होती. आधी विधेयक मांडायची परवानगी मागायची. काही विषयांना तर त्याआधीच वरिष्ठ सरकारची मंजुरी लागायची. मग विधेयक मांडलं जायचं, गरज पडली तर निवडक सदस्यांच्या समितीकडे जायचं. समितीचा अहवाल आला की एकेका कलमावर चर्चा, दुरुस्त्या, मतदान. शेवटी पूर्ण विधेयक मताला टाकायचं. पास झालं की गव्हर्नरची संमती, त्यानंतर गव्हर्नर जनरलची. या दोन सह्या झाल्याशिवाय तो कायदा नाही.

वऱ्हाडच्या वाटेवर मात्र दोन फाटे जास्त होते.

पहिला फाटा निवडणुकीतच. वऱ्हाडातून १७ सदस्य मतदानानं निवडले जायचे. प्रचार झाला, मतं पडली, निकाल लागला. पण परक्या मुलखातला माणूस ब्रिटिश कौन्सिलात ‘निवडून आला’ असं लिहिणार कसं? म्हणून गव्हर्नर त्याच माणसाची ‘नेमणूक’ करायचा. लोकांनी निवडलेला माणूस कागदावर सरकारनियुक्त!

दुसरा फाटा विधेयकाच्या शेवटी. नागपूरला पास झालेला, दोन्ही सह्या झालेला कायदा वऱ्हाडात आपोआप लागू होत नसे. त्यासाठी गव्हर्नर जनरलच्या मंडळाची वेगळी अधिसूचना लागायची. आणि फक्त वऱ्हाडापुरतं विधेयक असलं, तर वऱ्हाडच्या सदस्यांची वेगळी समिती त्यावर विचार करायची. शेवटचा शिक्का मात्र वरचाच.

आता एक माणूस लक्षात ठेवा: अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे. १९२५ मध्ये ते याच कौन्सिलाचे अध्यक्ष होते. कोण आधी बोलणार, कोणती दुरुस्ती नियमात बसते, हे ठरवणारी खुर्ची त्यांची. पण तिथं पास झालेला कायदा त्यांच्या स्वतःच्या अमरावतीत वेगळ्या हुकुमाशिवाय चालत नव्हता. पुढे १९२९ मध्ये हेच तांबे काही काळ प्रांताचे हंगामी गव्हर्नरही झाले.

तुम्ही म्हणाल, मग हे कौन्सिल म्हणजे नुसता देखावाच की! अगदी तसं नाही. १९२३ च्या निवडणुकीत स्वराज्य पक्षाला इथं बहुमत मिळालं. १९२४ मध्ये त्यांनी नियमातलंच हत्यार काढलं. मंत्र्यांचा पगार मताला आला, तेव्हा तो कापून ठेवला वर्षाला फक्त २ रुपये! मंत्री गेले आणि त्यांची खाती गव्हर्नरला स्वतःकडे घ्यावी लागली. सुधारणांच्या नावाखाली खरी सत्ता कुठे ठेवलीय, हे सगळ्यांना दिसलं. मला या गोष्टीत हेच महत्त्वाचं वाटतं. नियम सत्ता राखण्यासाठी लिहिले होते, पण ते नीट वाचणाऱ्यांनी त्याच सत्तेला उघडं पाडलं.

इकडे निजामानं वऱ्हाड परत मागितलं. १९२६ मध्ये व्हाइसरॉय रीडिंगनं त्याला ठणकावून नकार दिला. १९३६ मध्ये नवा करार झाला: निजामाची मालकी नावाला कबूल, कारभार मात्र मध्य प्रांतासोबत एकच. १९३७ च्या निवडणुकीनंतर ११२ जागांची एकच विधानसभा बसली, ‘मध्य प्रांत आणि वऱ्हाड’ची. तरी मागचा पसारा उरलाच होता. तो आवरायला १९४१ मध्ये ‘बेरार लॉज अ‍ॅक्ट’ करावा लागला. हुकुमानं लागू झालेल्या अनेक केंद्रीय कायद्यांना त्यानं रीतसर कायद्याचा आधार दिला.

आज विधानसभेचं अधिवेशन नागपूरला भरतं, तेव्हा विधेयक मांडणं, समिती, कलमवार चर्चा, मतदान ही घडण बरीचशी तीच दिसते. फरक एवढाच, पण फार मोठा: आमदार निवडून आला की निवडूनच आलेला असतो आणि कायदा बीबीला वेगळ्या हुकुमाची वाट पाहत नाही.

एक काम सांगतो. मोबाइलवर कुठलाही कायदा उघडा आणि पहिलं कलम वाचा. कायद्याचं नाव, तो कुठे लागू आहे आणि कधीपासून, हे बहुतेक वेळा तिथंच लिहिलेलं असतं. आपण ती ओळ न वाचता पुढे जातो. आपल्या पणजोबांच्या काळात त्या एका ओळीसाठी वेगळा हुकूम लागायचा.

काय सापडलं ते कळवा. भेटू पुढच्या भागात!