एल साल्वादोरमधील ख्रिस्तसभा आणि साम्यवादाचे भय

साम्यवादाचा इतिहास लिहिणारे बहुधा मार्क्स व लेनिन ह्यांच्या ग्रंथांपासून प्रारंभ करतात. परंतु ज्यांनी हे ग्रंथ कधी हाती धरले नव्हते अशा हजारो माणसांना 'साम्यवादी' ठरवून ठार मारण्यात आले, आणि त्यांत आपल्यासारखे धर्मगुरू व धर्मशिक्षकही होते, हा त्या इतिहासाचा दुसरा भाग होय. तो आपल्याकडे फारसा वाचला जात नाही. म्हणून येथे आम्ही एकाच लहान देशाची कथा सांगण्याचे योजिले आहे.

एल साल्वादोर म्हणजे 'तारणारा'. मध्य अमेरिकेतील जेमतेम 21 हजार चौरस किलोमीटरांचा हा देश कॉफीवर उभा राहिला. 1881 व 1882 च्या कायद्यांनी आदिवासी गावांच्या सामाईक जमिनी मोडीत निघाल्या, त्या मळेवाल्या घराण्यांकडे गेल्या आणि जमिनीचे धनी मजूर झाले. पुढे कॉफीचे भाव कोसळले. 22 जानेवारी 1932 च्या रात्री पश्चिमेकडील कॉफीच्या प्रदेशात शेतकऱ्यांनी उठाव केला. त्यामागे साम्यवादी पक्षाचा हात होता हे खरे. पण तो पक्ष लहान होता आणि भूक मोठी होती. जनरल मार्तिनेस ह्यांच्या सैन्याने जो सूड घेतला त्यात किमान दहा हजार माणसे मेली असे बहुतेक इतिहासकार मानतात. काहींचा अंदाज त्याच्या तिपटीचा आहे. वाचलेल्या आदिवासींनी आपला पोशाख टाकला, मुलांशी आपल्या नावात भाषेत बोलणे सोडले. जमीन मागणारा तो साम्यवादी, हे समीकरण त्या वर्षी धनिकांच्या मनात पक्के बसले. अमेरिका व सोव्हिएत संघ ह्यांचे शीतयुद्ध त्या वेळी सुरूही झाले नव्हते, ही गोष्ट विसरता कामा नये.

महासत्तांची स्पर्धा आली ती ह्या जुन्या भयाला शस्त्रे व द्रव्य पुरविण्यासाठी. 1959 मध्ये क्यूबात क्रांती झाल्यावर वॉशिंग्टनला मध्य अमेरिकेतील प्रत्येक संपात मॉस्कोची छाया दिसू लागली. खेडोपाडी सरकारचे खबरे नेमणारी 'ओर्देन' नावाची संघटना 1960 च्या दशकात ह्याच काळजीतून जन्मास आली.

नेमक्या त्याच दशकात ख्रिस्तसभेतही पालट घडत होता. दुसरी व्हॅटिकन परिषद (1962 ते 1965) आणि 1968 मध्ये मेदेयिन येथे भरलेली लॅटिन अमेरिकेतील बिशपांची परिषद ह्यांनी गरिबांच्या स्थितीकडे धर्मदृष्टीने पाहावयास शिकविले. 1972 मध्ये येशूसंघीय धर्मगुरू रुतिल्यो ग्रांदे आपल्या सहकाऱ्यांसह आगिलारेस ह्या ऊसमळ्यांच्या धर्मग्रामात आले. त्यांची कार्यपद्धती आपल्या वाचकांना मुळीच परकी वाटणार नाही. लोकांना लहान गटांत बसवावे, शुभवर्तमानातील उतारा वाचावा, त्यावर प्रत्येकाने बोलावे, आणि त्या गटांतूनच 'वचनाचे प्रतिनिधी' निवडावेत. हे प्रतिनिधी म्हणजे बहुतांशी ऊस तोडणारे मजूर. ज्याला आजवर सभेत कोणी बोलू दिले नव्हते, त्याने पवित्र शास्त्र हाती घेऊन चारचौघांत आपले मत मांडले. दुसऱ्या दिवशी तोच मुकादमाला मजुरीचा हिशेब विचारू लागला. फादर ग्रांदे ह्यांनी शेतकऱ्यांचा संघटनेचा हक्क मान्य केला, पण धर्मग्रामाला कोणत्याही संघटनेची शाखा होऊ दिले नाही. मळेवाल्यांना हा भेद दिसला नाही, किंवा दिसूनही त्यांनी तो मानला नाही. आमच्या मते दुसरेच अधिक संभवते.

12 मार्च 1977 रोजी एल पाइस्नाल गावी मिस्सासाठी जात असता फादर ग्रांदे, वृद्ध सहकारी मान्युएल सोलोर्सानो आणि नेल्सन लेमुस हा किशोर ह्यांना वाटेत गोळ्या घालण्यात आल्या. 'देशभक्त व्हा, एक पाद्री मारा' अशी पत्रके राजधानीत फिरत होती. मे महिन्यात सैन्याने आगिलारेस ताब्यात घेतले, मंदिरातील परमप्रसादाची पेटी गोळ्यांनी फोडली आणि पवित्र भाकरी जमिनीवर विखुरल्या. साम्यवाद देवाला मानीत नाही म्हणून ज्याचे भय बाळगावयाचे, त्याच्यापासून ख्रिस्ती संस्कृतीचे रक्षण करण्यासाठी हे सैन्य निघाले होते!

ओस्कार रोमेरो हे फादर ग्रांदे ह्यांच्या मृत्यूपूर्वी तीनच आठवडे आर्चबिशप झाले होते. स्वभावाने ते सौम्य व पुराणमतवादी. धनिकांना त्यांची नेमणूक सोयीची वाटली होती. त्यांच्यातील पालटाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही केवळ ऑगस्ट 1979 च्या त्यांच्या चौथ्या मेषपालीय पत्राकडे लक्ष वेधू इच्छितो. त्यात त्यांनी तीन मूर्तिपूजांचा निषेध केला : एक संपत्तीची, दुसरी राष्ट्रीय सुरक्षेची, आणि तिसरी जनसंघटनेची. तिसरीचा उल्लेख त्यांच्यावर 'साम्यवाद्यांचे साथीदार' असा आरोप करणाऱ्यांनी कधी केला नाही. देशाचे बिशपही दुभंगले होते. बहुतेक त्यांच्या विरोधात होते. फेब्रुवारी 1980 मध्ये त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर ह्यांना पत्र लिहून सैनिकी साहाय्य न देण्याची विनंती केली. साहाय्य थांबले नाही. 23 मार्च रोजी त्यांनी प्रवचनातून सैनिकांना निरपराधांच्या हत्येचा हुकूम न पाळण्याचे आवाहन केले आणि दुसऱ्या दिवशी मिस्सा अर्पण करीत असता त्यांचा वध झाला. त्याच वर्षी 2 डिसेंबर रोजी तीन अमेरिकन धर्मभगिनी व एक प्रापंचिक सेविका ह्यांना राष्ट्रीय रक्षकदलाच्या जवानांनी ठार केले.

मग साम्यवादाचे भय सर्वस्वी निराधार होते काय? तसे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. 1979 मध्ये शेजारच्या निकाराग्वात सांदिनिस्ता सत्तेवर आले होते. 1980 मध्ये एकत्र आलेल्या 'एफएमएलएन' ह्या बंडखोर आघाडीचे नेते मार्क्सवादी होते व त्यांना क्यूबा आणि निकाराग्वा ह्यांच्या मार्गाने शस्त्रे मिळत. बंडखोरांनी नगरप्रमुखांच्या हत्या केल्या, अपहरणे केली, सुरुंग पेरले. त्यांच्या हातच्या अनेक एम-16 बंदुका मुळात अमेरिकेनेच व्हिएतनामला धाडलेल्या होत्या; तेथील पराभवानंतर त्या साम्यवाद्यांच्या ताब्यात गेल्या आणि अर्धे जग ओलांडून येथे आल्या. दोन्ही बाजूंना मरणारे मात्र साल्वादोरचेच शेतकरी होते. अमेरिकेने बारा वर्षांत चार अब्ज डॉलरांहून अधिक साहाय्य तेथील सरकारला दिले.

ह्या साहाय्याची फळे एल मोसोते गावी दिसली. तेथे इव्हँजेलिकल पंथाची बरीच कुटुंबे होती व गाव बंडखोरांपासून अलिप्त राहिले होते. डिसेंबर 1981 मध्ये अमेरिकेने प्रशिक्षित केलेल्या आत्लाकात्ल पलटणीने तेथे व आसपासच्या वस्त्यांत सुमारे हजार माणसे मारली. रुफिना आमाया ही स्त्री झाडाझुडपांत लपून वाचली. तिची मुले वाचली नाहीत. 27 जानेवारी 1982 रोजी अमेरिकेच्या दोन मोठ्या वृत्तपत्रांत ही वार्ता छापून आली. दुसऱ्याच दिवशी अध्यक्ष रेगन ह्यांच्या शासनाने, साल्वादोरचे सरकार मानवी हक्कांच्या बाबतीत प्रगती करीत आहे, असे प्रमाणपत्र काँग्रेसला सादर केले. रुफिनाची साक्ष हा बंडखोरांचा प्रचार ठरविण्यात आला. दहा वर्षांनी मंदिरालगतच्या खोलीत उत्खनन झाले, तेव्हा 143 मृतांचे अवशेष सापडले. त्यांतील 131 बारा वर्षांखालील मुलांचे होते. ज्या काडतुसांवरील खुणा वाचता आल्या ती मिसूरी राज्यातील लेक सिटी येथील कारखान्यात, अमेरिकन सरकारसाठी तयार झालेली होती.

9 नोव्हेंबर 1989 रोजी बर्लिनची भिंत पडली. त्यानंतर आठवडाभरातच, 16 नोव्हेंबरच्या पहाटे, त्याच पलटणीच्या सैनिकांनी राजधानीतील विद्यापीठाचे कुलप्रमुख फादर एयाकुरिआ, पाच येशूसंघीय सहकारी, स्वयंपाकीण एल्बा रामोस व तिची मुलगी सेलिना ह्यांना ठार केले. ज्या शत्रूच्या नावाने हे चालले होते तो बर्लिनमध्ये मोडत होता, पण सान साल्वादोरच्या छावणीत त्याची गरज संपली नव्हती.

सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यावर तीन आठवड्यांनी, जानेवारी 1992 मध्ये, शांतता करार झाला. तोवर सुमारे 75 हजार माणसे मेली होती. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाने मार्च 1993 मध्ये अहवाल दिला. त्याच्यापुढे आलेल्या साक्षींपैकी सुमारे 85 टक्के साक्षींनी सरकारी सैन्य, त्याच्याशी संलग्न दले व मृत्यूपथके ह्यांना, तर सुमारे 5 टक्के साक्षींनी बंडखोरांना जबाबदार धरले. पाच दिवसांत संसदेने सर्वांना माफी देणारा कायदा केला. तो 2016 मध्ये न्यायालयाने रद्द ठरविला. एल मोसोतेचा खटला पुन्हा उभा राहिला खरा, परंतु तो चालविणाऱ्या न्यायाधीशांना 2021 मध्ये वयाच्या नव्या नियमाने पदावरून दूर व्हावे लागले.

आर्चबिशप रोमेरो 2018 मध्ये संत घोषित झाले. फादर ग्रांदे ह्यांना धन्य घोषित करण्यात आले ते 22 जानेवारी 2022 रोजी, 1932 च्या उठावाला नव्वद वर्षे झाली त्या दिवशी. त्यांच्याबरोबर वृद्ध मान्युएल आणि नेल्सन ह्यांचीही नावे घेण्यात आली.