जन्मसालाची पेटी

अमेरिकेतल्या गिटारवाल्यांची एक हौस आहे. आपण ज्या वर्षी जन्मलो त्याच वर्षी घडलेली गिटार त्यांना घरात हवी असते. ती परवडणार की नाही हेही जन्मसालच ठरवतं. १९५९चा जन्म असेल तर त्या सालची गिब्सनची लेस पॉल स्टँडर्ड आज काही कोटी रुपयांना जाते. लांबून बघायची आणि गप्प बसायचं. १९६६चा माणूस त्या मानाने सुखी. तेव्हा हार्मनी, के अशा शिकागोच्या कंपन्या सामान्य घरांसाठी ढिगाने स्वस्त गिटारी काढत होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच अजून वाजतात. साल शोधणंही तिकडे अवघड नाही. मार्टिन कंपनीचे क्रमांक १८९८पासून सलग आहेत. फेंडरच्या जुन्या गिटारींची मान सोडवली की तिच्या बुडाशी बहुधा तारीख मिळते. काहीच नाही तर आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखालचा आकडा वाचायचा: १३७-६६-३२ म्हणजे सीटीएस कंपनीचा माल, १९६६ साल, बत्तिसावा आठवडा.

नांदेड जिल्ह्यातल्या उमरीत ही हौस कुणाला लागली, तर शोध गिटारीचा नाही, पेटीचा घ्यावा लागेल. देवळाच्या खोलीत, भजनी मंडळाच्या कपाटात, वाड्याच्या माळ्यावर जुनं वाद्य सापडलंच तर ते हार्मोनियमच असतं.

पण त्याआधी स्वतःचं साल पक्कं करायला हवं, आणि मराठवाड्यात तेच घोडं अडतं. शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजाने लिहिलेली १ जून हीच इथल्या कितीतरी आजी-आजोबांची जन्मतारीख. त्यांचं खरं साल निघतं ते प्रसंगांवरून: रझाकारीत, पोलीस ॲक्शनच्या आगेमागे, बहात्तरच्या दुष्काळात. उमरीकरांकडे यात एक जास्तीची खूण आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीची बँक लुटली ती जानेवारी १९४८मध्ये. त्या काळचा एखादा कागद हाती लागलाच तर त्यावर इसवी सन असेलच असं नाही, कारण निजामी दफ्तरात फसली साल चालायचं. फसलीत ५९० मिळवायचे. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. किल्लारीच्या भूकंपाच्या सुमारास, म्हणजे १९९३मध्ये, जन्मलेल्यांकडे रीतसर दाखले असतात खरे, पण त्यांच्या सालच्या पेटीला अजून कुणी जुनी म्हणत नाही.

पेटीचं स्वतःचं मूळ मात्र स्वच्छ नोंदलेलं आहे. पॅरिसच्या अलेक्झांडर दबँ यांनी १८४२मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ते वाद्य टेबलाएवढं, खुर्चीवर बसून पायाने भाता मारत वाजवायचं. कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी १८७५मध्ये कंपनी काढली आणि पुढच्या दहाएक वर्षांत या धुडाला हातपेटीचं रूप दिलं. भाता मागे गेला, एका हाताने हवा आणि दुसऱ्या हाताने सूर अशी सोय झाली. सतरंजीवर मांडी घालून बसणाऱ्या देशात त्यानंतर तिला कोण अडवणार होतं?

महाराष्ट्रात तिला मान मिळाला तो रंगभूमीवर. १८८०मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ पुण्यात आलं आणि संगीत नाटकांचं युग सुरू झालं. पुढे पेटी आणि पायाचा ऑर्गन या नाटकांच्या साथीला जाऊन बसले. १९११च्या ‘मानापमान’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे हे मुळात पेटीवादक. मराठवाड्यानेही या वाद्याला अप्पा जळगावकर दिले. १९२२मध्ये जन्मलेल्या अप्पांची पेटी देशातल्या मोठमोठ्या गवयांच्या साथीला होती.

उमरीच्या आसपास पेटीची वाट कीर्तनातून गेली. तालुक्यातलं गोरठे हे संतकवी दासगणू महाराजांचं स्थान. १८६८ साली जन्मलेले, पोलिसातली नोकरी सोडून कीर्तनाला लागलेले दासगणू १९६२पर्यंत हयात होते. गजानन महाराजांची पोथी त्यांचीच. नारदीय कीर्तन म्हटलं की बुवांच्या मागे तबला आणि पेटी आलीच. वारकरी कीर्तनाचा संसार वीणा, टाळ आणि पखवाजावर भागायचा, पण सप्ताहाच्या मंडपात हळूहळू तिथेही पेटीला जागा झाली. गोदावरी खोऱ्यातली निजामाची रेल्वे १९००च्या सुमारास मनमाडपासून हैदराबादपर्यंत धावू लागली आणि उमरी त्या मार्गावरचं स्टेशन झालं. पेटीसारखं जड आणि नाजूक सामान गावापर्यंत यायला यापरती सोय नव्हती.

या वाद्याला हाकलण्याचे प्रयत्न अधूनमधून होतच असतात. पेटीच्या एका सुरावरून दुसऱ्यावर मींड घेता येत नाही आणि तिचे बारा सूर पाश्चात्त्य मापाने समान कापलेले असतात, हा जुना आक्षेप. सांगलीचे कृ. ब. देवल आणि इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स यांनी त्यावर उपाय म्हणून बावीस श्रुतींची पेटीच करवून पाहिली. ऑल इंडिया रेडिओने १९४०मध्ये पेटीला सरळ बाहेर काढलं, रवींद्रनाथ ठाकूरही त्याच मताचे होते, आणि १९७१पर्यंत तिला रेडिओचं दार उघडलं नाही. २०२२मध्ये अमृतसरच्या सुवर्णमंदिरातून पेटी टप्प्याटप्प्याने काढावी, अशी सूचना अकाल तख्ताकडून आली. उमरीच्या सप्ताहात असल्या वादांना कुणी विचारत नाही. माईक लागला की पेटी लागते.

तर अशा पेटीचं साल काढायचं कसं? क्रमांकांची वही इथे नाही. शिवाय एकाच पेटीत दोन-तीन वेगवेगळी सालं नांदत असतात. लाकडी खोकं एका काळचं, भात्याचं कापड दुसऱ्या काळचं, आणि सूर, म्हणजे आतल्या पितळी पट्ट्या, तिसऱ्याच काळच्या. जुन्या पेटीचा जीव सुरांत असतो, म्हणून जन्मसाल जुळवायचं ते सुरांचं. खोकं कुणीही नवं करून देतो.

झाकण उघडून काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची फळी वर काढली की खाली सुरांच्या रांगा दिसतात. खर्ज, नर आणि पेटी तिहेरी असेल तर मादी. प्रत्येक सूर म्हणजे पितळेच्या तुकड्याला एका टोकाशी रिबेट मारून बसवलेली जीभ. चांगल्या जुन्या सुरांची जीभ आपल्या खाचेत केसाएवढी फट ठेवून बसलेली असते. भाता हळू दाबला तरी ती लगेच बोलते. हलका सूर आधी फुसफुसतो, मग वाजतो. भात्याच्या घड्यांत उंदराने केलेली भोकं, चामड्याची ठिगळं, गंजलेल्या कमानी यांना घाबरायचं कारण नाही, ते सगळं बदलता येतं. तुटलेली जीभ मात्र दुसऱ्या संचातून आणून बसवली तर ती कायम परकीच वाजते.

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत इथल्या भारी पेट्यांमध्ये पॅरिसचे कासरियल आणि जर्मनीचे जुबिलेट असे सूर बसत. सप्टेंबर १९३९मध्ये महायुद्ध पेटलं आणि जर्मन माल थांबला. स्वातंत्र्यानंतर आयातीला परवाने लागू लागले आणि गुजरातेत भावनगरजवळच्या पालिताण्याच्या सुरांवर देशभरातल्या पेट्या वाजू लागल्या. म्हणून १९३५चा जन्म असलेल्याला आपल्या सालच्या आसपासचे जर्मन सूर मिळू शकतात, पण त्यांची किंमत ऐकून तो परत फिरेल. १९४३च्या माणसाची खरी अडचण. त्याच्या साली नवा परदेशी सूर मिळणंच मुश्कील, त्यामुळे त्याला युद्धाआधीच्या साठ्यातला सूर आणि युद्धकाळातलं खोकं अशी तडजोड चालवून घ्यावी लागते. बजेट बेताचं असेल तर सगळ्यात भाग्यवान १९६० ते १९७५च्या दरम्यान जन्मलेले. त्यांच्या सालच्या पालिताण्याच्या सुरांना दर्दी मंडळी नाक मुरडतात, म्हणून भाव चढत नाही. आणि त्यांतले हाताने घडवलेले चांगले सूर आजच्या कित्येक नव्या पेट्यांना भारी पडतात.

दुकानदार सांगतो ते साल ऐकून सोडून द्यावं. त्याच्याकडची प्रत्येक पेटी ‘इंग्रजांच्या काळातली’ असते. बघायची ती दुकानाची पितळी पट्टी किंवा आत चिकटवलेलं लेबल. त्यावर सहा आकडी पिनकोड असेल तर पेटी ऑगस्ट १९७२नंतरची, कारण पिनकोड तेव्हाच आला. नुसतं ‘बॉम्बे ४’ असेल तर बहुधा त्याआधीची. ‘वेस्ट जर्मनी’ लिहिलं असेल तर १९४९नंतरची. मुंबईच्या दादरचं हरिभाऊ विश्वनाथ १९२५पासून चालू आहे, तेव्हा त्या नावाची पेटी त्याहून जुनी असणं शक्यच नाही. पावती जपून ठेवलेली असेल तर आणखी उत्तम. रुपये-आणे असतील तर बहुधा एप्रिल १९५७च्या आधीची, नवे पैसे असतील तर नंतरची. रक्कम हाली शिक्क्यांत असेल तर व्यवहार निजामाच्या चलनातला. ते चलन १९५९पर्यंतच टिकलं. कलदार लिहिलं असेल तर इंग्रजी हद्दीतला रुपया.

देवळाच्या पेट्यांवर कुणाच्या तरी स्मरणार्थ अशी ओळ आणि शके रंगवलेला असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन. शके १८८० म्हणजे १९५८. पण ते साल दानाचं, घडणीचं नाही, आणि अशी पेटी विकत मागणं शोभतही नाही.

सौदा ठरण्याआधी सूर कुठल्या पट्टीचे आहेत ते बघावं. फ्रान्सने १८५९मध्ये आपला सूर ४३५ कंपनांवर बांधला होता. १९३९मध्ये लंडनच्या परिषदेत ४४० ठरला. जुने फ्रेंच सूर न छेडलेले असतील तर ते मोबाईलमधल्या तानपुऱ्याला किंचित उतरलेले लागतात. हे चांगलं लक्षण, कारण त्यांना अजून कुणी कानस लावलेली नाही. जीभ टोकाकडे घासली की सूर चढतो, बुडाकडे घासली की उतरतो. दोन्हीकडे पितळ झिजून पातळ झालेलं दिसलं तर पेटी आपल्या जन्मसालाची असो की आजोबांच्या, सांगितलेल्या भावाच्या निम्म्याच्या वर जाऊ नये.