सान्निध्याची भाषा : ना. वा. टिळकांच्या अभंगांचा एक फेरविचार

मराठी ख्रिस्ती कवितेविषयी आपल्या वाङ्मयेतिहासांत एक सोयीचे विधान रूढ झाले आहे : ‘आशय ख्रिस्ती, आकृतिबंध देशी.’ फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ मध्ये मुद्रित झालेल्या ‘क्रिस्तपुराणा’पासून रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या अभंगांपर्यंत सर्वांना हेच माप लावले जाते. या विधानात भाषेला पात्राचे स्थान मिळते. पात्र बदलले तरी पाणी तेच, असे त्यामागील गृहीतक. टिळकांच्या बाबतीत हे गृहीतक कितपत टिकते, हे येथे पाहावयाचे आहे.

टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. अमेरिकन मराठी मिशनच्या ज्या परंपरेत ते गेले, तिच्यात धर्मांतर ही एक घटना होती : तिला दिनांक होता, तिच्या आधीचे आयुष्य आणि नंतरचे आयुष्य यांत स्पष्ट रेषा होती. मिशनच्या वृत्तान्तांना आणि साक्षींना ही रेषा आवश्यकच होती. ईश्वराशी दुरावा पापामुळे निर्माण होतो आणि ख्रिस्ताच्या ठायी तो मिटतो, ही त्या कथनाची रचना. टिळकांनी ती नाकारली नाही. परंतु त्यांनी जो काव्यप्रकार जवळ केला, त्याची रचना निराळी होती.

वारकरी अभंगात सान्निध्याला दिनांक नसतो. देव भेटतो आणि भेटल्यानेच विरह तीव्र होतो; प्राप्ती ही आर्तीचा शेवट नसून तिचे कारण असते. टिळकांच्या अभंगांत ख्रिस्त जितका लाभतो तितकी ओढ वाढते, हा भाव वारंवार येतो, तो या परंपरेतूनच. तसेच ख्रिस्ताला गुरू आणि माउली या दोन्ही नात्यांनी एकदम हाक मारणे हे केवळ शब्दांचे उसने घेणे नव्हे. ज्या समाजाची प्रार्थना ‘पित्या’ला उद्देशून होती, तेथे ‘माउली’ म्हणताच भक्ताचे स्थान बदलते : न्यायासनासमोर क्षमा मागणारा अपराधी आता हट्ट धरणारे लेकरू होतो. म्हणजे येथे आकृतिबंधाने आशयाला आकार दिला आहे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. तो पूल ओलांडून झाल्यावरही त्यांनी मागे टाकला नाही, ही गोष्ट त्या उद्गारापेक्षा महत्त्वाची आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. आर्तता ही काही भक्तिसंप्रदायाचीच मिरास नाही. स्तोत्रसंहितेतील विलाप, युरोपातील ख्रिस्ती गूढवाद्यांची विरहवर्णने यांतही ती आहे. आक्षेप योग्य आहे, आणि तो मान्य केल्याने मूळ मुद्दा अधिक नेमका होतो. टिळकांनी ख्रिस्ती श्रद्धेत परके काही आणले नाही. मिशनच्या व्यवहारी उपासनेत मंदावलेला तिचाच एक स्वर मराठी अभंगाने पुन्हा ऐकू आणला.

हा स्वर कवितेपुरता राहिला नाही. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी सेवा सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा प्रयत्न केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, ही त्यामागील कल्पना. बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी केलेला हा त्याग धर्मांतराच्या एकरेषीय कथनात बसत नाही. अभंगाच्या तर्काला मात्र तो सुसंगत आहे. ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले आणि तो प्रयोग बाल्यावस्थेतच राहिला.

मात्र केवळ अभंगांवर थांबणारी समीक्षा एकांगी ठरेल. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ याच शोधाची दुसरी बाजू मांडतात. पतीच्या बाप्तिस्म्याने त्यांच्या वाट्याला आला तो काव्यातला नव्हे, संसारातला विरह. पुढे त्या पतीकडे परतल्या तरी प्रारंभी सोवळेओवळे सांभाळून राहिल्या. जातिभेद देवाने केलेला नाही, या निष्कर्षाशी त्या स्वतःच्या विचाराने पोहोचल्या आणि कोणाच्याही हातचे पाणी त्यांना चालू लागले. १९०० मधील त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतरचा. येथे देवाजवळ जाणे म्हणजे आधी शेजारच्या माणसाजवळ जाणे. अभंगाचा एकान्त जे सांगू शकत नाही, ते लक्ष्मीबाईंचे घरगुती गद्य सांगते.

एकाच घरात, एकाच श्रद्धेची ही दोन रूपे दोन वाङ्मयप्रकारांनी घडवली. तेव्हा ‘देशी आकृतिबंधातील ख्रिस्ती आशय’ हे सूत्र आता बाजूला ठेवले पाहिजे. ते कायम ठेवले, तर ही कविता मराठी वाङ्मयेतिहासात पाहुणी म्हणूनच राहील. आणि मराठी भक्तिपरंपरा विसाव्या शतकाच्या प्रारंभीही नवा ईश्वरसंबंध घडवू शकत होती, हा तिने दिलेला पुरावा आपल्या हातून निसटेल.