कॉलेजातले लेकरू आणि अमेरिकेचे करखाते

अमेरिकेत कॉलेजात शिकणाऱ्या सज्ञान मुलाला आईवडील आपल्या आयकर विवरणपत्रात ‘अवलंबित’ म्हणून दाखवू शकतात. ही शिक्षणाला दिलेली सरकारी सवलत, असा सर्वसाधारण समज आहे. नियमाचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. घरात कोण कोणाला पोसते हे करखात्याला चुलीपर्यंत जाऊन पाहता येत नाही. म्हणून कागदावर जे तपासता येते त्यालाच कायदा अवलंबित्व म्हणत आला, आणि कॉलेजचा विद्यार्थी या खटाटोपात आडवाटेने कायद्यात शिरला. १९१३ च्या आयकरात मुलांसाठी वेगळी वजावट नव्हती. पहिल्या महायुद्धाचा खर्च भागवण्यासाठी १९१७ मध्ये कराचे जाळे मध्यमवर्गापर्यंत पसरवले, तेव्हा दर मुलामागे २०० डॉलरची वजावट आली. अट अशी की मूल अठराच्या आतले असावे किंवा स्वतःचे पोट भरण्यास असमर्थ असावे. अठरा ओलांडलेला धडधाकट मुलगा वर्गात बसो की नांगर धरो, कायद्याच्या लेखी तो स्वतःच्या पायावर उभा होता.

दुसऱ्या महायुद्धात करदाते कोट्यवधींच्या घरात गेले आणि १९४४ मध्ये नियम सोपे करताना वयाची अट काढून टाकली गेली. तिच्या जागी नात्याची यादी आली, निम्म्याहून अधिक पोषण करदात्याने केलेले असावे ही अट आली, आणि अवलंबिताचे स्वतःचे उत्पन्न ५०० डॉलरपेक्षा कमी हवे, असेही ठरले. पुढे हा आकडा ६०० झाला, आणि वजावटही तेवढीच. खरी गोम या उत्पन्नाच्या अटीत होती. उन्हाळी सुट्टीत कारखान्यात किंवा हॉटेलात राबणाऱ्या विद्यार्थ्याने ५९९ डॉलर मिळवले तर बापाची वजावट शाबूत; दोन डॉलर जास्त मिळवले की सगळीच बुडाली. सर्वांत खालच्या सुमारे २० टक्के दरानेही कुटुंबाला सुमारे १२० डॉलरचा फटका. सहाशेच्या जवळ पोचल्यावर काम थांबवणे हाच शहाणपणा ठरत होता. १९५४ च्या करसंहितेने हा पेच सोडवला: मूल एकोणिसाच्या आतले असेल, किंवा वर्षातले पाच महिने पूर्णवेळ विद्यार्थी असेल, तर त्याचे उत्पन्न आड येणार नाही. शिष्यवृत्तीही पोषणाच्या हिशेबातून वगळली गेली. वर मुलाला त्याची स्वतःची वजावट होतीच, म्हणजे एकाच माणसावर दोन विवरणपत्रांत सूट.

यावर कोणी म्हणेल, माजी सैनिकांनी कॉलेजे भरून गेलेला तो काळ. संसदेला शिक्षण वाढवायचेच असणार. तो हेतू अजिबात नव्हता असे म्हणणे धाडसाचे होईल. पण त्याच कलमाने एकोणिसाच्या आतल्या, शाळेचे तोंड न पाहणाऱ्या मुलालाही सूट दिली, आणि देखरेखीखाली शेतीचे प्रशिक्षण घेणाऱ्यालाही विद्यार्थी मानले. शिवाय ही वजावट फीशी जोडलेली नव्हती. २० टक्के दराच्या घराला तिचे मोल १२० डॉलर, ५० टक्के दराच्या घराला ३००. ज्याला गरज कमी त्याला लाभ जास्त. सहाशेचा आकडा १९६९ पर्यंत हललाही नाही. फीच्या खर्चाला थेट हात देणारी ‘होप’ करसवलत थेट १९९७ च्या कायद्यात आली.

नंतरच्या दुरुस्त्यांनीही पडताळणीचीच वाट धरली. १९८६ च्या कायद्याने दुहेरी सूट बंद केली आणि पाच वर्षांवरील अवलंबितांसाठी सोशल सिक्युरिटी क्रमांक सक्तीचा केला. पुढच्याच विवरणपत्रांतून सुमारे ७० लाख अवलंबित नाहीसे झाले. त्यात दोन घरांनी दावा केलेली मुलेही असणार आणि निव्वळ काल्पनिकही. १९८८ मध्ये विद्यार्थ्यासाठी चोविसाच्या आतले वय ही रेघ ओढली गेली. २००४ च्या दुरुस्तीने तर पोषणाची कसोटीच उलटी फिरवली: पालकाने निम्म्याहून अधिक खर्च केल्याचे दाखवायला नको, मुलाने स्वतःचा निम्म्याहून अधिक खर्च उचललेला नसला की पुरे. मूल वसतिगृहात राहत असले तरी घरीच राहते असे मानायचे.

वय, वर्ग आणि रहिवास पाहून ठरवणे अन्यायाचे, हा आक्षेप खरा आहे. अमेरिकेत नोकरी करणारा मराठी बाप पुण्यात इंजिनिअरिंग करणाऱ्या मुलाचा सगळा खर्च भागवत असला, तरी तो मुलगा तिथला नागरिक किंवा करदृष्ट्या रहिवासी नसेल तर अवलंबित ठरत नाही. ही मुभा मुख्यतः अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोच्या रहिवाशांपुरती आहे. पण दुसरा मार्ग म्हणजे घरोघरी किराणा, भाडे आणि दवाखान्याची बिले मोजत बसणे. त्यातून विभक्त आईवडिलांचे किती तंटे उभे राहिले हे तिथल्या कर न्यायालयाला चांगले ठाऊक आहे. २०१८ पासून ही वजावट शून्यावर आली आहे. तरी अवलंबित्वाचा शिक्का टिकून आहे: मोठ्या मुलामागे ५०० डॉलरची सूट मिळते, आणि आईवडिलांनी विवरणपत्रात त्याचे नाव घातले की कॉलेजखर्चावरची अडीच हजार डॉलरपर्यंतची सवलत त्यांच्याच हक्काची होते, फी मुलाने स्वतःच्या कमाईतून भरलेली असली तरी.